खळ्यातले पणजोबा

पणजोबा सापडले तर शालिकभाऊंना आधी घर मिळणार होतं. घर झालं की सून मिळणार होती. सून आली की त्यांच्या बायकोच्या, पार्बतीबाईच्या, गुडघ्यांचं रडगाणं आमच्या गिरणीत येण्याऐवजी घरातच कुणीतरी ऐकून घेतलं असतं. आणि धाकट्या भावाच्या, वामनच्या, नाकावर टिच्चून स्वतःच्या स्लॅबवर उभं राहून दात घासता आले असते. एवढं सगळं एका मेलेल्या माणसाच्या जिवावर. माझ्या हिशेबानं सौदा वाईट नव्हता, फक्त पणजोबा सापडायला हवे होते.

"सापडले, वैनी," शालिकभाऊ म्हणाले.

पुरुष माणूस गिरणीत दळण घेऊन आला की समजावं, दळण निमित्ताला आहे. मी चक्की थांबवली.

"कोण सापडले?"

"पणजोबा."

"कुठं गेले होते?"

"कुठं जातीन? अथीच होते. खळ्यात."

खळं म्हणजे आमच्या खैरडोहच्या वेशीबाहेर टेकाडावर काळ्या धोंड्यांचं एक मोठं वर्तुळ आहे ते. मधोमध मुरूम आणि गोट्यांचा उंचवटा. गावातली जुनी माणसं सांगायची की तिथं राक्षस मळणी करायचा. सरकारचा निळा बोर्ड सांगायचा की हे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचं दफनस्थळ आहे, संरक्षित आहे, आणि शंभर मीटरच्या आत कुणी बांधकाम केलं तर शिक्षा होईल. गावानं दोन्ही गोष्टी मान्य करून टाकल्या होत्या, कारण राक्षसाला किंवा बोर्डाला आमच्याकडून काही नको होतं.

अडचण झाली ती वाटणीनंतर. जुनं घर वामनच्या वाट्याला गेलं आणि खळ्याला लागून असलेलं शेत शालिकभाऊंच्या. शालिकभाऊ, पार्बतीबाई आणि त्यांचा दिवाकर वामनच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहत होते, आणि वामन ते त्यांना दिवसातून एकदा तरी आठवून देत होता. दिवाकरसाठी मी माझ्या बहिणीची पोरगी सुचवली होती, ज्योत्स्ना. पोराला पोरगी पसंत, पोरीला पोरगा पसंत. राहिले होते पोरीचे वडील, माझे डोमाजी भाऊजी. हे गृहस्थ चहासुद्धा आधी बशीत ओतून, तळ पाहून मग पितात. साखरपुड्याआधी त्यांनी एकच अट घातली.

"पोरगी पक्क्या घरात जाईन. भाड्याच्या नाई, भावाच्या नाई. पाया जरी दिसला तरी साक्षगंध करतो."

शालिकभाऊंनी लगेच शेतात पायाचे खड्डे खणायला घेतले. पहिला खड्डा गुडघाभर झाला नाही तोच कवडूनं शिट्टी वाजवली. कवडू म्हणजे खळ्यावरचा सरकारी चौकीदार. मेलेली माणसं पळून जाऊ नयेत म्हणून नेमल्यासारखा तो दिवसभर पळसाखाली बसून असायचा. तेवढ्या वर्षांत ती शिट्टी गावानं पहिल्यांदाच ऐकली. कवडूनंही पहिल्यांदाच ऐकली असावी, कारण वाजल्यावर तोच दचकला.

"मंग म्या तहसिलीपुढच्या अर्ज लिहिनाऱ्याले विचारलं," शालिकभाऊ मला समजावून सांगत होते. "त्यानं सांगतलं, जुनं असन तं सरकारचं, घरचं असन तं तुमचं. तवा माह्या ध्यानात आलं, का थे घरचंच हाये. पणजोबाची समाधी हाये थे."

"नाव काय पणजोबांचं?"

शालिकभाऊंनी चक्कीच्या टोपल्यात पाहिलं, छताकडे पाहिलं.

"आबाजी."

"आत्ता सुचलं?"

"आत्ता आठोलं."

मी त्यांचं दळण टोपल्यात ओतलं. सोयरीक मी जुळवलेली. जमली तर मला एक लुगडं आणि दोन्ही घरांत मान. मोडली तर दोन्ही घरांत जन्मभर बोलणी. म्हणजे पणजोबांमध्ये माझाही थोडा वाटा होता.

"मी काय करू म्हणता?"

"चौकशीले म्याडम येनार हायेत. तुमी फक्त सांगा, का सासूच्या तोंडून आयकलं होतं."

"शालिकभाऊ, माझ्या सासूनं मला भाकरीत मीठ किती घालायचं याच्यापलीकडं काही सांगितलं नाही. मी नाही सांगणार."

"मंग निदान हासू तं नोका."

"तेवढं करते," मी म्हणाले. आणि तेवढं करणं किती जड जाणार आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

म्याडम आल्या त्या दिवशी अर्धं गाव खळ्यावर होतं. बाकीचं अर्धं झाडावर. म्याडम म्हणजे खात्याच्या तरुण अधिकारी, डोक्याला मोठी टोपी, गळ्यात पाण्याची बाटली, बोलणं अगदी हळू. कवडूनं त्यांच्यासाठी शाळेतून खुर्ची आणली होती. पण त्या धोंड्यांना एक फेरी मारून आल्या आणि उभ्याच राहिल्या.

शालिकभाऊंनी तयारी चोख केली होती. उंचवट्याच्या पायथ्याशी दिवा लावला होता, नारळ होता, शेंदूर होता. आणि पार्बतीबाई होती. नवऱ्यानं मानेनं खूण करताच तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि हंबरडा फोडला. आता झालं काय, की पार्बतीबाईला एकच रडणं पाठ होतं, ते म्हणजे तिच्या सख्ख्या सासऱ्याच्या वेळचं.

"अवं माह्या मामंजी, मले टाकून कसे गेले जी! कालच तं वांग्याची भाजी मांगून खाल्ली जी!"

म्याडमनी वहीतून डोकं वर काढलं. "काल?"

"तवाचा काल, म्याडम," शालिकभाऊ म्हणाले आणि बायकोकडे पाहून दात-ओठ खाल्ले.

मी तोंडात पदराचा बोळा कोंबला.

"बरं," म्याडम म्हणाल्या. "तुमचे पणजोबा वारले त्याला किती वर्षं झाली?"

"शंभर-सव्वाशे झाली असतीन."

"दहन नाही केलं?"

"आमच्यात तवा पुरत."

"आणि इथं ते एकटेच आहेत?"

"मंग? एकटेच."

"नाही, म्हणजे मागे आमच्या खात्यानं एका कडेला थोडं खोदकाम केलं होतं. तेव्हा दोन माणसं शेजारी शेजारी मिळाली होती. म्हणून विचारलं."

शालिकभाऊ क्षणभर त्या उंचवट्याकडे असे पाहत राहिले, की जणू पणजोबांनी त्यांना न विचारता पाहुणा बोलावला होता.

"पणजी," ते म्हणाले. "त्या मांगून गेल्या. मंग सोबतच ठेवलं. लय जीव होता एकमेकायवर."

गर्दीतल्या बायकांकडून एक 'अगं माय' आलं. म्याडम लिहीत होत्या.

"आणि तिसऱ्याजवळ लोखंडी कुऱ्हाड होती."

"तिसरा बी हाये?"

"आहे."

"हाव, तो! तो सालदार. सालानं ठेवलेला गडी, इमानदार मानूस."

"सालदारालाही इथंच पुरलं?"

"घरच्यासारखा होता, म्याडम. वाटणीत बी कोनी त्याले परका मानला नाई."

शालिकभाऊंना आता रंग चढला होता. सव्वाशे वर्षांपूर्वीचं घर त्यांच्या डोळ्यांपुढं भरत चाललं होतं, आणि प्रत्येक नव्या माणसाला ते जागा करून देत होते.

"आणि घोडा?" म्याडमनी विचारलं.

झाडावरचे लोकसुद्धा खाली वाकले. आमच्या खैरडोहमध्ये शालिकभाऊंच्या भोयर घराण्यात सात पिढ्यांत कुणी शेळीवरसुद्धा बसलेलं नव्हतं.

"कोनता घोडा?"

"डोक्यावर तांब्याचे दागिने असलेला. बहुतेक मालकासोबत पुरलेला."

"हां, तो घोडा!" शालिकभाऊंनी कपाळावर हात मारला. "त्याले कसा विसरीन? पांढरा होता."

"हाडांवरून रंग नाही कळत," म्याडम म्हणाल्या, "पण लिहून घेते."

मी घाईघाईनं धोंड्याआड गेले. कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, मीही रडतेय.

मग म्याडमनी लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं. पणजोबा आबाजी, पणजी, सालदार आणि घोडा हे सर्व माझ्या कुटुंबातील असून सदर जागी पुरलेले आहेत, असं अर्जदारानं पंचांसमक्ष सांगितलं. शालिकभाऊंनी ऐटीत सही केली. पाच पंचांनी केली. निर्णय वरिष्ठ घेतील, तोवर खड्डे बुजवून ठेवा, असं सांगून म्याडम जीपमध्ये बसल्या.

या सगळ्या वेळात वामन मात्र एक शब्द बोलला नव्हता. धोंड्याला टेकून मिशीला पीळ देत उभा होता. वामनची मिशी गावात नावाजलेली होती, तालुक्याच्या बाजारातसुद्धा लोक ती वळून पाहत. आणि वामन गप्प असला की मी माझी मापं मोजून ठेवते.

दोन दिवसांनी वामन गिरणीत आला. हातात दळण नाही. चार बायका आपापला नंबर धरून बसलेल्या, हे त्यानं आधी पाहून घेतलं.

"वैनी, दादाच्या घरचं तेरवीचं दळण कधी येऊन राह्यलं?"

"कुणाची तेरवी?"

"कोनाची म्हन्जे? घरात तीन मयती. पणजोबा, पणजी, सालदार. पंचापुढं सही केली दादानं. मंग त्यायची तेरवी कोनं केली? कवा केली? कोनं जेवली? तुमच्या सासूनं जेवली का?"

बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. कारण गोष्ट खरी होती. आमच्याकडे ज्या घरची तेरवी, म्हणजे तेराव्याचं जेवण, राहिली, त्या घरचं सुतक फिटत नाही. त्या घरात मांडव पडत नाही, हळद लागत नाही, आणि पडला मांडव तर त्याखाली गावातलं कुणी बसत नाही. आजवर खळ्यातले लोक राक्षसाचे होते, त्यामुळं प्रश्न नव्हता. राक्षसाची तेरवी कोण मागणार? पण परवापासून ते भोयरांचे होते.

संध्याकाळी मारोतीच्या पारावर जुनी मंडळी बसली आणि निकाल झाला. आपले म्हटलं की आपले. पानं वाढली पाहिजेत. मग बराच वेळ घोड्यावर चर्चा चालली. एकजण म्हणाले, जनावराची तेरवी नसते. दुसऱ्यांनी विचारलं, मग जबाबात 'कुटुंबातील' कशाला म्हटलं? शेवटी मध्यम मार्ग निघाला. घोड्याला पान नको, भिजवलेले चणे ठेवावेत.

शालिकभाऊ पारावरून तरातरा गिरणीत आले. वामन त्यांच्या मागोमाग.

"दादा, मी काय म्हनतो," वामन म्हणाला, "पणजोबा तं माह्ये बी हायेत. मंग त्यायची जागा सामाईक नाई का? ते शेत पुन्यांदा मोजाले पायजे."

"पणजोबा फक्त माह्ये हायेत!"

"वैनी, आता तुमीच सांगा. दोन सख्ख्या भावायचा पणजोबा एकच असते का दोन?"

मी म्हणाले, "घोडा कुणाकडं जातो त्यावर आहे."

पण हसण्यासारखं थोडंच होतं. घर मिळवायला गेलेला माणूस शेत गमावून बसायच्या बेतात होता. आणि त्याच आठवड्यात डोमाजी भाऊजी साक्षगंधाची तारीख ठरवायला येणार होते.

डोमाजी भाऊजी एस.टी.तून उतरले आणि स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर थांबले. तिथंच घात झाला. शालिकभाऊंच्या मागच्या खोलीत आम्ही पोहे करून वाट पाहत बसलो होतो. दिवाकर नवा शर्ट घालून भिंतीला टेकून उभा होता. भाऊजी आत आले, पण पाटावर बसले नाहीत. पाण्याचा तांब्यासुद्धा घेतला नाही.

"शालिकराव, तुमच्या घरी मयत झाली मनते."

"कवाची गोठ करून राह्यले, व्याही? सव्वाशे वर्सं..."

"तेरवी झाली का?"

शालिकभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांकडे पाहिलं.

"आता असं हाये," शालिकभाऊ आवाज खाली आणून म्हणाले, "तुमी घरचेच. तुमाले खरं सांगतो. ते आमचे कोनी नाई लागत. कागदासाठी सांगतलं."

"म्हन्जे लबाड बोल्ले?"

"लबाड नाई, पण..."

"पाच पंचाइपुढं, आन् सही करून?" भाऊजींनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "शालिकराव, ज्या घरची तेरवी बाकी, त्या घरात मी पोरगी नाई देत. आन् जो मानूस घरासाठी मेलेला बाप पैदा करते, त्याच्या घरी तं मुळीच नाई देत. आता तुमी सांगा, तुमी या दोघायपैकी कोन?"

शालिकभाऊंचा चेहरा मी एवढ्या वर्षांत असा पाहिला नव्हता. हो म्हणावं तर सुतक, नाही म्हणावं तर लबाडी, आणि दोन्हीकडून पोराचं लग्न जात होतं. पार्बतीबाईचे डोळे भरले. या वेळचं रडणं तिला पाठ नव्हतं, म्हणून आवाज निघाला नाही.

बोलला तो दिवाकर. चार लोकांत तोंड न उघडणारं पोरगं.

"बाबा, तेरवीले घरच्या मानसाले डोक्शाचं मुंडन करा लागते ना? मी करतो."

"अन् साक्षगंध?" त्याच्या आईनं विचारलं.

"तिले चालन. म्या... म्हन्जे मले वाटते, चालन."

मी भाऊजींकडे पाहिलं. तेही पोराकडे पाहत होते, चहाचा तळ पाहतात तसे.

शालिकभाऊंनी एकदा पोराच्या दाट केसांकडे पाहिलं आणि ताठ बसले.

"माह्येच हायेत," ते म्हणाले. "तिघं बी. घोडा बी. येत्या सोमवारी तेरवी करतो. तुमी पयल्या पंगतीले या."

वामनचा निकाल सोमवारी सकाळी नदीवर लागला. न्हाव्यानं शालिकभाऊंचं डोकं केलं, मिशी काढली. दिवाकरचं डोकं केलं. मग वस्तरा पाण्यात बुडवून वामनकडे वळला.

"बसा, वामनभाऊ."

"मी कायले?"

पारावरचे दोन म्हातारे मुद्दाम नदीवर आले होते. एक म्हणाला, "पणजोबा तुह्ये बी हायेत ना? मंग बस. मुंडन करन त्याचे पितर. ज्याची मिशी राह्यली, त्याचा हिस्सा गेला."

वामननं आधी टेकाडाकडे पाहिलं, मग वस्तऱ्याकडे. शेत चांगलं काळ्या मातीचं होतं. पण तालुक्याचा बाजार बुधवारी होता.

"दादाचेच असतीन," वामन म्हणाला आणि मिशी हातानं झाकून घरी गेला. शेताची मोजणी पुन्हा कधी निघाली नाही.

तेरवीचा स्वैपाक शेतातच मांडला होता. कवडू सरकारी टेप घेऊन आला आणि खळ्यापासून शंभर मीटर मोजून त्यानं काटकीनं रेघ ओढली. "चुली या रेघेच्या तिकडं," तो म्हणाला. "पंगत बी तिकडं. पण मी मंजी इकडचा मानूस, तवा माह्यं पान इथं आनून द्या." कढईत आलू-वांग्याची भाजी शिजत होती, वडे तळले जात होते, बुंदीचं पातेलं झाकून ठेवलं होतं. पीठ मी दळून दिलं होतं आणि दळणावळ घेतली नव्हती, हे आपलं सांगून ठेवते.

शालिकभाऊ उघड्या अंगानं, तुळतुळीत डोक्यानं खळ्याच्या कडेला गेले. तीन द्रोण ठेवले, चण्यांची वाटी ठेवली. मला वाटलं होतं, उरकून टाकतील. पण ते तिथं बराच वेळ उभे राहिले. परत आले तेव्हा मला हळूच म्हणाले, "वैनी, पाया पडताना एक गोठ ध्यानात आली. मले नाव एकाचंच माहीत हाये. ते बी म्याच ठेवलेलं. बाकीच्याइले काय म्हनू?"

"काय म्हणालात मग?"

"जेवा म्हन्लं."

पहिली पंगत बसतच होती, तेवढ्यात मला रस्त्यावर धूळ दिसली. जीप. म्याडम. आणि मला लगेच कळलं की त्यांच्या पिशवीत कागद असणार आणि कागदात काय असणार. मी गिरणी चालवते. कोणत्या पोत्यात काय आहे हे मला तोंड न सोडता कळतं.

भाऊजी अजून पानावर बसले नव्हते, हात धूत होते. आमच्याकडे तेरवीचं अन्न पोटात गेलं की त्या घराशी वैर धरता येत नाही. उपाशी माणूस मात्र उठून जाऊ शकतो. मी भाऊजींना खांद्याला धरून बसवलंच. "भात निवतो, भाऊजी." आणि पानावर दोन वडे जास्त टाकून जीपकडे पळाले.

"म्याडम, चांगल्या वेळी आलात. आधी जेवा."

"अहो, मी फक्त निर्णय कळवायला..."

"तेरवीच्या दारातून उपाशी जाऊ नये. अन्नाला नाही म्हणू नये."

त्यांनी गर्दी पाहिली, पंगत पाहिली, खळ्याजवळचे द्रोण पाहिले. "ही कुणाची तेरवी?"

"तुम्ही लिहून घेतली ना, त्यांची."

म्याडमच्या तोंडावर काय आलं ते मला सांगता येणार नाही, पण त्यांनी चपला काढल्या आणि पंगतीत बसल्या. मी त्यांना बरोबर भाऊजींच्या शेजारी बसवलं. भाऊजींचा दुसरा भात झाला, बुंदी झाली, मठ्ठा झाला. आता कागद निघाला तरी चालणार होता.

हात धुऊन म्याडमनी तो काढला. अर्ज नामंजूर. इथले अवशेष अडीच हजार वर्षांहून जुने आहेत, स्थळ संरक्षितच राहील, बांधकामाला परवानगी नाही. त्या फार मऊ आवाजात सांगत होत्या. "शालिकराव, हे तुमचे पणजोबा नाहीत हो. तुमच्या पणजोबांनाही यांचं नाव माहीत नसणार."

शालिकभाऊ हातात वाढायचा डाव घेऊन उभे होते. मिशी राखलेला वामन मागून हसलाच. "म्हन्जे फुकटच गेले दादाचे केस!"

सगळ्यांच्या नजरा डोमाजी भाऊजींवर. त्यांनी बोटाला लागलेली बुंदी चाटली. मग म्याडमना विचारलं, "म्हन्जे यायचं कोनीच नाई?"

"कुणीतरी असेलच. आम्हाला माहीत नाही."

"आन् अडीच हजार वर्सांत यायची तेरवी कोनी केली असन, नाई?"

"तेव्हा त्यांच्या लोकांनी काहीतरी केलं असेलच. भांडी मिळाली आहेत, त्यात धान्य ठेवलेलं असावं." म्याडमनी खळ्याजवळच्या द्रोणांकडे पाहिलं. "पण त्यानंतर आज पहिल्यांदा."

भाऊजी उठले, धोतर झटकलं.

"शालिकराव, तुमी लबाड हा, हे तं मी त्या दिवशीच ओळखलं होतं. पण जो मानूस परक्याइची तेरवी आपल्या डोक्शाचे केस देऊन करते, तो माह्या पोरीले उपाशी नाई ठेवन. साक्षगंध कवा करता ते सांगा."

"आन् पक्कं घर?" शालिकभाऊंना विश्वासच बसेना. नको तिथं खरं बोलण्याची त्यांची सवय नवी होती.

"ते होईन तवा होईन," भाऊजी म्हणाले, आणि माझ्याकडे वळून पाहिलं. "वाढणारीनं वडे लय घातले. आता नाई म्हनता येत नाई."

साक्षगंधाच्या फोटोत दिवाकरच्या डोक्यावर फेटा आहे. तो फेटा त्यानं लग्न होईपर्यंत काढला नाही.

आता हिशेब. शालिकभाऊंना सून मिळाली, घर मिळालं नाही. ते पुढं फार वर्षांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला झालं, आणि स्लॅबवर दात घासायला तेवढे दात राहिले नव्हते. वामनला मिशी मिळाली. कवडूला तीन वेळा पान मिळालं. मला लुगडं मिळालं, हिरवं, काठ थोडा फिकाच होता. सरकारला खळं मिळालं, जे त्याचंच होतं. तेव्हा मला वाटायचं, कुणी फार काही दिलं नाही. शालिकभाऊंनी एक जेवण दिलं, पोरानं केस दिले, ते दोन महिन्यांत उगवले.

गेल्या पितृपक्षात मी ज्योत्स्नाकडे गेले. शालिकभाऊ आणि पार्बतीबाई जाऊन आता वर्षं झाली. ज्योत्स्ना पहाटेपासून चुलीपुढं होती. घामानं निथळत होती. सासू-सासऱ्यांची पानं वाढून झाल्यावर तिनं आणखी तीन द्रोण भरायला घेतले, आणि वाटीत भिजवलेले चणे काढले.

"अगं, हे अजून करतेस? म्याडमनी सांगितलं होतं ना, ते आपले नाहीत म्हणून?"

"मावशी, म्याडम सांगून गेल्या," ती म्हणाली. "बंद कोनं करा लागते? मलेच ना? अन् मंग घरात कोनाले ताप आला, का म्हैस आटली, का पोट्टा नापास झाला, तं नाव कोनाचं निघन? त्याच्यापरीस वाढते बापा. तीन मान्सं अन् एक घोडा. दर साली. उन्हातानात खळ्यावर नेऊन ठेवते. आपले हे काही येत नाईत, त्याइचे गुडघे दुखतेत."

"तुला कुणी विचारलं होतं का गं, तेव्हा?"

ती हसली आणि द्रोणांवर झाकण म्हणून पळसाचं पान ठेवलं. "मले कोनं विचारलं? मी तं तवा आले बी नव्हते."

मेलेल्यांनी काही दिलं नाही. जित्यांनी एकेकदा दिलं आणि मोकळे झाले. जी त्या दिवशी पंगतीतसुद्धा नव्हती, ती अजून देते आहे.